बार्थेल ९५ आलाय, मग वहिनी बारा वाजता आडव्या का होतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, वय ३४, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) होऊन ६ वर्षं झाली, राहायला डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात एका हॉस्पिटलमध्ये रोजच्या कामांचं असेसमेंट झालं, दहा मिनिटांत तोंडी प्रश्न विचारून फॉर्म भरला, बार्थेल स्कोअर १०० पैकी ९५ आणि खाली शेरा 'इंडिपेंडंट'. आणि घरी बघावं तर सकाळचे डबे आणि आंघोळ उरकली की बाराच्या सुमाराला त्या जे आडव्या होतात ते चारपर्यंत उठवत नाही, आणि तुमच्या आईंना वाटतं की रिपोर्ट एवढा चांगला आहे म्हणजे हा आळस आहे. तुम्ही विचारलंय की रिपोर्ट चुकलाय का, आणि असं असेसमेंट नीट करायचं तर कसं करतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणात रोजची कामं कशी जमतील ते बघणारी, मुंबईत २२ वर्षं हेच काम करतेय आणि त्यात एमएसचे पेशंट बरेच असतात. पण वहिनींना मी बघितलेलं नाही हे आधीच सांगते. त्यांचा एमएस अटॅक येऊन जाणारा (म्हणजे लक्षणं एकदम वाढून नंतर ओसरणारा) आहे की हळूहळू वाढणारा, शेवटचा अटॅक कधी आला होता, पाय ताठ होतात का, डोळ्यांना त्रास आहे का, लघवीचा काही प्रॉब्लेम आहे का, कुठली औषधं चालू आहेत, या प्रत्येकावर उत्तर बदलतं. एमएसचे दोन पेशंट एकसारखे नसतात, तेव्हा खाली लिहितेय ते मी काम कसं करते आणि का करते एवढंच समजा.

तर पहिलं म्हणजे रिपोर्ट खोटा नसणार, आणि तुम्हाला घरी दिसतंय तेही खरंच आहे. फॉर्मने विचारलं 'करता येतं का', आणि तुम्ही बघताय की ते केल्यावर दिवसाचं काय होतं. एमएसमध्ये खरा त्रास बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नात असतो आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

बार्थेल इंडेक्स १९६५ चा आहे. त्यात दहा गोष्टी असतात, जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शी आणि शू वरचा ताबा, टॉयलेटला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं आणि जिना. आंघोळ स्वतः केली की पूर्ण ५ गुण, मग ती दहा मिनिटांत होवो की पाऊण तासात, आणि नंतर तासभर पडून राहावं लागो, गुण तेवढेच. तुमच्याकडे जे ५ कमी झालेत ते बहुतेक जिन्याचे असतील, मदत लागते म्हणून. लकवा झालेला माणूस हॉस्पिटलमधून घरी जायच्या लायक झाला का हे बघायला हा फॉर्म फार चांगला आहे आणि मीही तो वापरते. पण चालत्याफिरत्या, ३०-३५ वर्षांच्या एमएसच्या बाईला तो लावला की ती लगेच वरच्या टोकाला जाऊन बसते, आणि त्यापुढचा त्रास मोजायला फॉर्ममध्ये जागाच नसते. स्वयंपाक, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, बँकेचं काम, लोकलचा प्रवास यातलं त्यात काहीच नाही.

आणि एक गोष्ट जी घाईत विसरली जाते. बार्थेलच्या वापराच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की पेशंट प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवा, काय करू शकेल ते नाही. ओपीडीत आपण विचारतो 'आंघोळ करता येते का', ती म्हणते 'हो येते', झालं. 'काल कोणी केली, कशी केली' हे विचारलं असतं तर कदाचित उत्तर वेगळं आलं असतं.

न्यूरॉलॉजिस्टच्या फाईलवर ईडीएसएस म्हणून आणखी एक आकडा दिसेल, ० ते १० मधला. तो आजार किती पुढे गेलाय ते सांगतो आणि डॉक्टरांना औषध ठरवायला लागतो. पण ४ च्या पुढे तो मुख्यतः माणूस किती चालतो यावर ठरतो. हातांचं, डोक्याचं, थकव्याचं त्यात फार थोडं उमटतं. म्हणजे तो आकडा कमी आहे म्हणून घरकाम जमलंच पाहिजे असं गणित मांडता येत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते, कारण त्यातूनच मी माझी पद्धत बदलली. एका हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये मी एका बाईंचा फिम भरला, रोजच्या कामांत किती मदत लागते ते मोजणारा आणखी एक फॉर्म. त्यात १८ गोष्टी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. आंघोळीला मी ६ दिले, म्हणजे दुसऱ्याची मदत नको, फक्त साधन किंवा जास्त वेळ लागतो. वॉर्डच्या बाथरूममध्ये दांडी होती, खुर्ची होती, हातात धरायचा शॉवर होता. तीन आठवड्यांनी काही कारणाने त्यांच्या घरी गेले, लालबागच्या चाळीतली खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीला वीतभर उंच कठडा, धरायला काही नाही. घरी आल्यापासून त्यांनी एकदाही एकटीने आंघोळ केलेली नव्हती, धाकटी बहीण सकाळी कॉलेजला जायच्या आधी घालत होती. मी दिलेले ६ गुण त्या बाथरूमचे होते, त्यांचे नव्हतेच. तेव्हापासून शक्य असेल तिथे मी घरी जाते, आणि जमलं नाही तर मोरीचा, संडासाचा आणि ओट्याचा व्हिडिओ मागवून घेते.

आता मी काय करते ते. पहिल्या भेटीत 'येतं का' हा शब्दच वापरत नाही. 'काल सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा' म्हणते आणि मध्ये बोलत नाही. पाणी किती वाजता येतं, कोण भरतं, दात घासताना उभ्या होतात की बसता, गाऊन की साडी, बटणं आहेत की चेन, निऱ्या कोण काढतं, चहा कोण करतं, सगळं. कालचा दिवस सांगताना माणूस आपसूक खरं बोलतो. 'मग मी जरा बसले' असं तीन-चार वेळा आलं की तिथे खूण करते, कारण तेच बसणं फॉर्ममध्ये कधी येत नाही. त्याच वेळी हेही विचारते की दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता सोडून दिलंय असं काय आहे. खूप बायका कामं एकेक करून गुपचूप सोडतात, आधी इस्त्री जाते, मग लोणचं-पापड, मग भाजी आणायला स्वतः जाणं, आणि उरलेल्या कामांबद्दल विचारलं की 'सगळं करते मी' म्हणतात, त्यात खोटं काही नसतं.

नवरा-सासू समोर असताना मिळालेलं उत्तर आणि एकटीला विचारल्यावर मिळालेलं उत्तर यात फरक पडतो, म्हणून दोन्ही घेते. घरच्यांना वेगळं विचारते तेव्हा कधीकधी कळतं की सासूबाईच पहाटे उठून पाणी भरून, भाजी चिरून ठेवतात, कोणाला न सांगता. तुमच्या आई चिडतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्या स्वतः किती काम ओढतायत हेही एकदा बघा. त्यांचेही गुडघे दुखत असतील.

मग प्रत्यक्ष काम बघायचं. आणि वेळ कुठली निवडता यावर बरंच अवलंबून असतं. सकाळी दहा वाजता, रात्रभर झोप झालेली, रिक्षातून आलेली, एसी खोलीत बसलेली पेशंट आणि तीच पेशंट साडेअकराला ओट्यापाशी, या जवळजवळ दोन वेगळ्या बायका असतात. अंग तापलं की एमएसची लक्षणं वाढतात हे जुनं निरीक्षण आहे, विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये श्रमानंतर पेशंटची नजर तात्पुरती मंद होते असं लिहून ठेवलं, म्हणून त्याला उथॉफचं नाव आहे. मायलिन, म्हणजे वरचं आवरण, गेलेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जात असतो, अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी तो अडकतो, आणि अंग गार झालं की परत जायला लागतो. नस नव्याने खराब झालेली नसते, पण तेवढा वेळ पाय उचलत नाही, डोळ्यांपुढे धूसर होतं, हात लटपटतो, आणि ते अगदी खरं असतं. आता वहिनींची सकाळ बघा. दोन शेगड्या चालू, तव्यावर पोळ्या, मे महिन्याची आपली चिकट हवा, आणि त्यावर कडकडीत पाण्याची आंघोळ. बारा वाजता त्या आडव्या होतात यात मला तरी नवल वाटत नाही.

आंघोळ मी कशी बघते ते जरा सविस्तर सांगते. कपड्यांसकट, कोरड्या मोरीत, नुसती कृती करून दाखवायला सांगते, लाज जपली पाहिजे. आत पाऊल टाकताना कशाला हात लावतात, बादली कुठे आहे, वाकून पाण्याचा मग भरताना तोल कुठे जातो. आणि मुख्य म्हणजे तोंडाला साबण लावायचा क्षण. तेव्हा डोळे मिटतात. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते ते डोळ्यांच्या आधाराने उभे असतात, स्वतःलाही माहीत नसतं, आणि डोळे मिटले की ते डुलायला लागतात. बाथरूममध्ये पडलेल्या कितीतरी पेशंटनी मला सांगितलंय की 'केस धुताना पडले'. फॉर्मवर ही आंघोळ 'स्वतः' मध्येच जाते. मी तिला वेगळं लिहिते, 'स्वतः करतात, उभ्याने, डोळे मिटल्यावर तोल जातो, धरायला आधार नाही, नंतर अर्धा तास झोपावं लागतं'. एवढं एक वाक्य वाचलं की पुढे काय करायचं ते कोणालाही कळेल.

स्वयंपाकघरात मी पोळी करायला सांगते, कारण तेवढ्या एका कामात सगळं दिसतं. कणीक मळायला ताकद लागते, लाटायला दोन्ही हात सारखे चालावे लागतात, तव्यावरची उलटायला हाताचा थरथराट आणि नजर दोन्ही दिसतात, आणि हे चालू असताना शेजारी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. एक पेशंट, शाळेत शिक्षिका, मला ठामपणे म्हणाल्या की स्वयंपाकाचा काही त्रास नाही. पोळ्या खरंच छान गोल केल्या. पण उजव्या हाताच्या बोटांवर तीन जुने फोड होते, भाजलेलं त्यांना कळत नव्हतं, कारण बोटांना गरम-गार कळणं कमी झालं होतं. त्या दिवसापासून चिमटा आला आणि फोड थांबले. हे फोनवर विचारून कधीच कळलं नसतं.

शिट्ट्यांवरून आठवलं, डोक्याचं काम. एमएसच्या साधारण निम्म्या पेशंटना विचारांचा वेग, लक्ष, आठवण यात काही ना काही अडचण येते. बोलणं व्यवस्थित असतं, हिशोब येतो, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. एका वेळी एक काम ठीक चालतं, दोन आली की गडबड. फोडणी टाकलीय आणि फोन वाजला, की फोडणी जळते, मग 'लक्ष कुठे असतं हिचं' असं घरात बोललं जातं. म्हणून मी मुद्दाम काम चालू असताना गप्पा मारते, मध्येच काहीतरी विचारते आणि बघते की हात थांबतो का. सिम्बॉल डिजिट नावाची ९० सेकंदांची छोटी टेस्ट आहे, चिन्हांना आकडे जुळवायचे, ती या वेगासाठी चांगली आहे. पण टेस्टपेक्षा करपलेलं भांडं मला जास्त सांगतं.

एकूण प्रत्येक कामाला मी चार गोष्टी टिपते. किती वेळ लागला, किती जीव काढावा लागला, धोका कुठे झाला, आणि संपल्यावर पुढचं काम करायला काही शिल्लक आहे का. पहिल्या तीन कुठल्याही चांगल्या पद्धतीत असतात. एएमपीएस नावाची पद्धत तर यावरच उभी आहे, पेशंटला ओळखीचं काम करायला लावून श्रम, वेळ आणि सुरक्षितपणा बघायचा, पण त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घेतलेली थेरपिस्ट लागते आणि ती सगळीकडे मिळत नाही. चौथी गोष्ट मात्र आपणच विचारावी लागते. थकवा हा एमएसमधला सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे, दहातल्या सात-आठ जणांना तरी असतो, आणि तो आपल्या दमण्यासारखा नसतो. पूर्ण झोप झालेली असूनही येतो, अचानक येतो, आणि मनाचा हिय्या करून तो जात नाही. त्यासाठी एमएफआयएस म्हणून २१ प्रश्नांचा फॉर्म आहे, शरीर, डोकं आणि माणसांत मिसळणं या तिन्हीवर थकव्याचा काय परिणाम होतो ते विचारतो. तो वहिनींचा भरून घ्या असं थेरपिस्टला स्पष्ट सांगा. तसंच सीओपीएम मागा. त्यात वहिनी स्वतः सांगतात की त्यांना कुठली कामं महत्त्वाची वाटतात आणि त्यात त्या स्वतःला १० पैकी किती देतात. मला तो फार आवडतो, कारण एका बाईंनी त्यात पहिलं काम लिहिलं होतं 'मुलीची वेणी घालणं', जे कुठल्याच छापील फॉर्ममध्ये नव्हतं.

बाहेरचं थोडक्यात लिहिते. डोंबिवली स्टेशनचा पूल, गर्दीत ताटकळत उभं राहणं, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे लघवी. एमएसमध्ये घाईची लघवी खूप जणींना असते, वाटेत टॉयलेट मिळेल याची खात्री नसते, म्हणून बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, मग युरिन इन्फेक्शन, आणि इन्फेक्शन किंवा ताप आला की एमएसची जुनी लक्षणं सगळी वर येतात आणि घरच्यांना वाटतं अटॅक आला. हा प्रश्न आपणहून कोणी बोलत नाही. तुम्ही नवरा आहात, तुम्हालाही सांगितलं नसेल. विचारा, एकांतात.

असेसमेंट कधी करू नये हेही महत्त्वाचं. अटॅक चालू असताना किंवा स्टिरॉइडचा कोर्स नुकताच संपलाय तेव्हा केलेलं असेसमेंट कायमचं चित्र म्हणून धरू नका, मी सहसा दोन-तीन महिने जाऊ देते आणि परत बघते. ताप-इन्फेक्शनमध्ये तर नाहीच. आणि मन उदास असेल तर तेही बघावं लागतं, एमएसमध्ये डिप्रेशन खूप दिसतं आणि दुपारी पडून राहण्याचं ते एक कारण असू शकतं, थकव्याच्या सोबत किंवा थकव्याऐवजी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रात्रीची मोडलेली झोप, गुंगी आणणारी औषधं, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. सगळं एमएसच्या खात्यावर टाकणंही बरोबर नाही.

दिव्यांग सर्टिफिकेटबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने आहे, आणि बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के लागतात. ती टक्केवारी सरकारने ठरवलेल्या पद्धतीने काढतात, तो वेगळा विषय आहे, बार्थेल ९५ आला म्हणून अर्जच करायचा नाही असं मनात धरू नका. लोकलमधल्या दिव्यांग डब्यासाठी तरी त्याचा उपयोग होऊ शकेल, ताटकळत उभं राहणं वाचेल.

तर आता करायचं काय. परत असेसमेंटला जायच्या आधी सात दिवसांची वही करा, त्यात एक रविवार येऊ दे. वहिनींनी सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीनदाच लिहायचं, काय केलं, किती वेळ लागला, नंतर थकवा १० पैकी किती. जास्त लिहायला लावलंत तर तेच एक नवीन काम होऊन बसेल. त्यातल्या दोन दिवशी एक बदल करून बघा, आंघोळ कोमट पाण्याने आणि स्वयंपाकाच्या आधी किंवा संध्याकाळी, कणीक आदल्या रात्री कोणीतरी मळून ठेवायची, पोळ्या लाटताना उंच स्टुलावर बसायचं आणि पंखा ओट्याकडे वळवायचा. त्या दोन दिवशी बारा वाजता काय होतं ते वेगळ्या शाईने लिहा. फरक पडला तर पडला, नाही पडला तरी थेरपिस्टला त्यातून कळेल.

आणि ती वही आईंना वाचायला द्या, त्यांच्याशी वाद न घालता. जमलं तर असेसमेंटला त्यांनाही घेऊन जा. मी सासूबाईंना शेजारी बसवून काम बघते तेव्हा अर्ध्या तासात त्याच मला दाखवायला लागतात, 'बघा, आता पाय ओढायला लागली', कारण रोज जवळून त्याच बघत असतात, फक्त त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

वही झाली की इथे टाका, कुठल्या वेळेला काय होतंय ते बघून पुढचं सांगते. आंघोळीचं स्टूल मात्र त्यासाठी थांबू नका, याच आठवड्यात आणा, प्लास्टिकचं चालेल, चारही पायांना रबर असलेलं, आणि इतक्याच उंचीचं की बसल्यावर वहिनींचे तळवे पूर्ण जमिनीला टेकतील.